वास गेला, पण सिगारेट गेली का?

या आठवड्याचं पत्र सोलापुरातल्याच एका वाचकाचं आहे. ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात सांगते. वय बेचाळीस, एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, बायको आणि सहावीतली मुलगी. कॉलेजपासून सिगारेट, दिवसाला बारा. मागच्या वर्षी मुलगी शाळेतून आल्यावर जवळ आली आणि नाक धरून म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाला नेहमीच घाण वास येतो." ते यांना फार लागलं. दुबईला असलेल्या मेहुण्यानं दिवाळीत येताना तंबाखू गरम करायचं मशीन आणि त्याच्या स्टिक्स आणून दिल्या. आता चार महिने झाले, घरात वास नाही, राख नाही, मुलगी खूश, बायकोनं गड्ड्याच्या यात्रेत सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की यांनी सिगारेट सोडली. हे गप्प बसले. कारण टपरीवर अजून चार-पाच होतात, आणि मशीनच्या स्टिक्स "दिवसाला साधारण अर्धं पाकीट." ते विचारतात, "ताई, बारावरून पाचवर आलो ही प्रगतीच आहे ना? जपानमध्ये म्हणे सगळे हेच वापरतात. मग मी बायकोशी खोटं बोलतोय असं का वाटतं? आणि हे असंच चालू ठेवलं तर चालेल का?"

दादा, आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. पण या सदरात तंबाखूची पत्रं एवढी येतात की आता अर्धी डॉक्टर झाल्यासारखं वाटतं, आणि आमच्या घरातही हा विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, त्यावर येतेच पुढे.

तुमच्या पत्रात एक वाक्य मी दोनदा वाचलं. "कारखान्यात कापूस असतो म्हणून पूर्वी गेटबाहेर जावं लागायचं, आता वरच्या ऑफिसातच होतं, आग नाही ना काही." तुम्ही हे सोय म्हणून लिहिलंय. मला तिथेच सगळं प्रकरण दिसलं.

हिशेब करू या, तुम्ही धंदेवाले आहात, हिशेबाला नाही म्हणणार नाही. पूर्वी बारा सिगारेटी. आता पाच सिगारेटी, आणि अर्धं पाकीट म्हणजे दहा स्टिक्स. बेरीज पंधरा. तुम्ही बारावरून पाचवर नाही आलात, बारावरून पंधरावर गेलात, फक्त त्यातल्या दहांना वास नाही म्हणून त्या मोजल्याच नाहीत. दुकानात एखादा माल दोन नंबरच्या वहीत लिहितात ना, तसं झालंय हे.

आणि ते का झालं ते बघा. तुमच्या घरात सिगारेट ओढायची नाही हा नियम कुणी केला होता? वासानं. कारखान्यात ओढायची नाही हा नियम कुणी केला? विस्तवानं. मुलगी जवळ यायच्या आधी अर्धा तास ओढायची नाही, सासरेबुवा आले की नाही, गाडीत काचा बंद असताना नाही, हे सगळे नियम वास, धूर, राख यांनीच तुमच्यावर घातलेले होते, म्हणजे ते बिचारे दिवसभर तुमच्यावर पहारा करत होते आणि तुम्हाला दहा वेळा जिना उतरायला लावत होते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी गेटबाहेर जाणं काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत निम्म्या वेळा माणूस "जाऊ दे, चारला ओढू" म्हणतो. मशीन आलं आणि पहारेकरी घरी गेला. आता बेडरूममध्ये होतं, ऑफिसात होतं, बाथरूममध्ये तर होतच असेल (तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला माहितीये).

अजून एक बारीक गोष्ट. सिगारेट अर्धी ओढून विझवता येते, ग्राहक आला, फोन आला, टाकली. यातली बरीच मशीनं तसं करू देत नाहीत. आयकॉससारख्या बऱ्याच मशीनमध्ये एक स्टिक तापली की सहा मिनिटं किंवा चौदा झुरके एवढाच तिचा वेळ, नंतर ते आपोआप बंद होतं, आणि मधेच थांबलात तर ती स्टिक परत वापरता येत नाही. एवढी महागाची, मेहुण्यानं सातासमुद्रापलीकडून आणलेली, ती कोण मधेच टाकणार? म्हणजे पूर्ण संपवायची. म्हणून सांगते, मोजताना स्टिकला अर्धी धरू नका.

आता तुमचा जपानचा मुद्दा. खरं आहे, तिथे हे जोरात चाललं. आयकॉस २०१४ मध्ये आधी नागोया शहरात विकायला आलं, मग इतर कंपन्यांची मशीनं आली, आणि पुढच्या काही वर्षांत साध्या सिगारेटचा खप तिथे बराच उतरला. पण तिथली माणसं का वळली ते पण बघायला हवं. निकोटिन असलेलं वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड तिथे औषध समजलं जातं, ते दुकानात सहज विकता येत नाही, म्हणजे सिगारेटवाल्याला दुसरा पर्यायच हा उरला. दुसरं, आपल्या वासाचा शेजारच्याला त्रास होऊ नये याची तिथे फार काळजी. तिसरं, २०२० च्या एप्रिलपासून त्यांच्या नव्या नियमानं काही हॉटेलांत गरम तंबाखूसाठी वेगळी खोली ठेवता येते आणि तिथे बसून खाता-पिता पण येतं, साध्या सिगारेटच्या खोलीत ती परवानगी नाही. मग काय, बिअरच्या ग्लासाजवळ बसून ओढायला मिळतंय तर माणूस वळणारच.

वेपपेक्षा हे बऱ्याच जुन्या ओढणाऱ्यांना जवळचं वाटतं ते पण साहजिक आहे. यात खरी तंबाखू आहे, घशाला तो ओळखीचा ठोसा बसतो, पाकीट उघडायचं, काडी काढायची, ओठात धरायची, सगळे सोपस्कार तेच. आणि ज्यांना घरच्यांची लाज वाटते, कपड्यांची, दातांची, गाडीतल्या सीटच्या वासाची, त्यांना हे फार पटतं. आता या कारणांची यादी परत एकदा डोळ्यांखालून घाला. वास, राख, लाज, शेजारी, मुलगी, बायको. सगळी कारणं दुसऱ्याच्या नाकाशी येऊन थांबतात. तुमच्या छातीशी एकही येत नाही. मी टोमणा मारत नाहीये, मुलीच्या एका वाक्यानं बाप हलला ही गोष्ट मला फार आवडली, पण मुलीनं तक्रार वासाची केली आणि तुम्ही तेवढी वासाचीच सोडवलीत.

"पण जळत नाही ना, मग नुकसान कमी," असं तुम्ही लिहिलंय. यात तथ्य आहे, उगाच नाही म्हणणार नाही. सिगारेट जळते तेव्हा तिच्या टोकाशी सहाशे ते नऊशे डिग्री तापमान जातं, ही मशीनं तंबाखू साडेतीनशेच्या आसपास किंवा त्याच्या खाली तापवतात. जळत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड खूपच कमी, इतर बरीच विषारी द्रव्यंही कमी. अमेरिकेत औषधं आणि तंबाखूवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं जुलै २०२० मध्ये आयकॉसला असं सांगायची परवानगी दिली की सिगारेटवरून पूर्णपणे यावर आलं तर हानिकारक रसायनांचा शरीराशी येणारा संबंध कमी होतो. पण "आजाराचा धोका कमी होतो" असं सांगायची परवानगी मागितली होती, ती दिली नाही. ही दोन वाक्यं एकसारखी वाटतात, पण एकसारखी नाहीत. आणि पहिल्या वाक्यात पण "पूर्णपणे" हा शब्द आहे, तो तुम्हाला लागूच होत नाही, कारण टपरी चालूच आहे.

२०२२ मध्ये वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं यावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. रसायनं सिगारेटपेक्षा कमी पण सगळंच सोडलेल्या माणसापेक्षा जास्त, असं निघालं, आणि यानं सिगारेट सुटते का हे तपासणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. शिवाय सुरक्षिततेच्या ज्या चाचण्या होत्या त्यांचा पैसा तंबाखू कंपन्यांचाच. आपल्याकडे मुलाची माहिती मुलाच्या मामाकडून काढत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

जळणं आणि नुकसान यावरून आमच्या घरातलं सांगते. माझी मावशी तीस वर्षं विड्या वळायची. पूर्व भागातली चाळ, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्रीनं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायचं, आणि संध्याकाळी कारखान्यात हजाराचा हिशेब. तिनं आयुष्यात एक विडी पेटवली नाही. तरी तिच्या अंगाला, पदराला, आमच्या हातावर ठेवलेल्या शेंगाच्या लाडवाला पण तंबाखूचा वास यायचा, आणि पन्नाशीनंतर तिचा खोकला काही थांबला नाही. सोलापुरात अशा बायका गल्लोगल्ली आहेत, माहितीये तुम्हाला. म्हणून "जळलं नाही" एवढ्यावर माझा जीव शांत होत नाही.

आता तुमच्या त्या उरलेल्या चार-पाच सिगारेटी. तुम्हाला वाटतं बारातल्या सात कमी झाल्या म्हणजे धोका निम्म्याच्या खाली गेला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित थोडंफार तसं चालतं, पण हृदयाचं नाही. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता, त्यात दिसलं की दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. एक! मग पाचांना काय "कमी" म्हणायचं. तुमचं वय बेचाळीस, धंदा उधारीचा, झोप कमी, त्यात वडिलांना बायपास झालेली (तुम्हीच लिहिलंय, शेवटच्या ओळीत, जाता जाता). तुम्ही पत्र वासाबद्दल लिहिलंत पण शेवटी वडिलांची बायपास का घातली ते स्वतःला एकदा विचारा.

कायद्याचं पण सांगून टाकते कारण बऱ्याच जणांना वाटतं वेपवर बंदी आहे, हे वेगळं. नाही. २०१९ च्या केंद्राच्या ई-सिगारेट बंदी कायद्यात ही तंबाखू गरम करणारी मशीनं स्पष्ट धरलेली आहेत. तयार करणं, बाहेरून आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा, पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्याला शिक्षेचं कलम त्यात नाही, पण आणणाऱ्याला आहे. म्हणजे आता हैदराबादच्या एअरपोर्टवर बॅगेत स्टिक्स घेऊन उभा कोण, तर तुमचा मेहुणा. आणि मेहुण्याच्या संपल्या की तुम्ही "पुण्यातून एकाकडून" मागवता असं लिहिलंय, त्या पाकिटात नेमकं काय भरलंय याची जबाबदारी घेणारं कुणी नाही, बिल नाही, तक्रार करायची सोय नाही. टॉवेलचा कच्चा माल तुम्ही असा घ्याल का?

मग करायचं काय. "उद्यापासून बंद" असलं काही मी सांगणार नाही, ते तुम्ही स्वतःला सात वेळा सांगून झालंय.

आधी मशीनला सिगारेटचेच नियम लावा. बेडरूममधून बाहेर, ऑफिसातून बाहेर, बाथरूममधून बाहेर. ओढायचं असेल तर गच्चीवर किंवा गेटबाहेर, उन्हात. पहारेकऱ्याला परत कामावर बोलवा म्हणा ना. आठवडाभर फक्त एवढंच करा आणि खिशातल्या छोट्या वहीत प्रत्येक सिगारेट आणि प्रत्येक स्टिक लिहा, वेळ आणि जागा, बास. कमी करायचा प्रयत्न पण करू नका, नुसतं लिहा. पेमेंटचा फोन झाला की एक, जेवण झालं की एक, सात रस्त्यावर मित्र भेटले की दोन, असं स्वतःचं वेळापत्रकच समोर येतं, आणि मग कुठली सोडणं सोपं आणि कुठली अवघड ते कळतं.

सकाळची पहिली कधी, हे नक्की लिहा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, मग नुसत्या निश्चयावर जाऊ नका, डॉक्टरांना भेटा. निकोटिनचे पॅच असतात, व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या असतात, त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि वडिलांची बायपास डॉक्टरांना आधी सांगा. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो पण निम्मे लोक तो च्युइंगगमसारखा चावत सुटतात, मग उचक्या लागतात, पोटात जळजळ होते आणि "मला सूट होत नाही" म्हणून फेकून देतात. तो हळू चावायचा, जिभेला झिणझिणलं की थांबायचं आणि गालात धरून ठेवायचा, झिणझिण गेली की परत चावायचा, असं साधारण अर्धा तास. आणि आधीची पंधरा मिनिटं चहा नाही, चहानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. टपरीवर उभं राहून चहासोबत गम खाऊन काहीच होणार नाही.

तारीख ठरवायची तर मुहूर्त बघू नका, हातातल्या स्टिक्स संपतील तो दिवस धरा. पुण्याचा नंबर डिलीट. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड, झोप नाही, कामगारांवर ओरडणं, दोन ते चार आठवड्यांत ते बरंच ओसरतं. तेव्हा डिलिव्हरीची घाई असलेला आठवडा निवडू नका.

एक सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, फुकट, मराठीत पण बोलता येतं, तुमची तारीख ठरली की ते नंतरही फोन करून विचारतात. हा नंबर सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. गंमत काय, आपल्याकडे निम्मे लोक पाकीट घेतच नाहीत, टपरीवर एकेक सुटी सिगारेट घेतात (महाराष्ट्रात अशी सुटी विकायला २०२० पासून बंदी आहे, ती बंदी कुठे दिसली तर मला कळवा), त्यामुळे तो नंबर टपरीवाल्यालाच पाठ.

आणि हो, सिगारेट सोडताना मावा नाही, खर्रा नाही, "नुसती चिमूट" पण नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये ओढणारे ३.८ टक्के आणि न पेटवता तोंडात ठेवणारे, चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के निघाले होते. म्हणजे सिगारेट टाकून हात कुठे जाईल ते उघड आहे, आपल्या चौकात दर दहा पावलांवर डबी उघडून "घे की रे" म्हणणारा उभा असतो. बडीशेप, लवंग, भाजलेले शेंगदाणे, जे चालेल ते खिशात ठेवा.

ज्यांच्या घरात आत्ता कुणी ओढत नाही आणि पोरगं "हे सिगारेट नाही, मशीन आहे" म्हणून सांगतंय, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहायची गरज नाही, निकोटिन ते निकोटिनच. आणि ज्यांचा माणूस परदेशात राहतो, तिथे हे कायदेशीर मिळतं, सगळे उपाय करून पण सुटली नाही आणि आता तो फक्त हेच ओढतो, एकही सिगारेट नाही, त्याच्याशी रोज भांडू नका. तो होता तिथून थोडा पुढे आलाय. पुढच्या पायरीचं बोला.

आता बायको. तुम्ही विचारलंत की खोटं बोलतोय असं का वाटतं. दादा, तुम्ही खोटं बोलला नाहीत, तिनं बोललेलं दुरुस्त केलं नाहीत. पण मला विचाराल तर तिला माहीत असावं. चार महिने एकाच घरात, मशीनचा तो बारीक दिवा, चार्जिंगला लावलेली डबी, उकडलेल्या मक्यासारखा येणारा तो हलका वास (आहे वास, तुम्हाला येत नाही एवढंच), हे बाईला कळत नाही असं होत नाही. तिनं गड्ड्यात सगळ्यांसमोर सांगितलं ते फुशारकी म्हणून कशावरून? चार माणसांत बोलून टाकलं की नवरा मागे फिरणार नाही, असाही हिशेब असेल. विचारा तिला एकदा. आठवडाभराची वही भरली की ती वहीच तिच्यासमोर ठेवा, लांबलचक कबुलीजबाब नको. रागावेल. रागावू द्या. मुलीला सगळं सांगायची गरज नाही, पण तिनं विचारलंच तर "वास गेला, अजून सोडायची आहे, सोडतोय" एवढं सांगा, सहावीतल्या पोरीला ते समजतं.

मेहुण्याला आजच फोन करा, त्याचं तिकीट निघायच्या आत. या वेळी खजूर आण म्हणावं.